बेसिनखालचं बिऱ्हाड

टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये २००४ च्या डिसेंबरात एक साथ सुरू झाली आणि सव्वा वर्ष ती आटोक्यात येईना. अतिदक्षता विभागातल्या आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या नमुन्यांत एकच जिवाणू पुन्हा पुन्हा उगवत होता: स्यूडोमोनास एरुजिनोसा. वाण एकच, आणि अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा. २००६ च्या मार्चपर्यंत रुग्णांचा आकडा ३६ वर गेला. त्यातले कित्येक दगावले.

अशा वेळी संशय ठरलेल्या ठिकाणी जातो. कुणीतरी हात नीट धुतले नसतील, व्हेंटिलेटरच्या नळ्या नीट निर्जंतुक झाल्या नसतील. टोरांटोचा माग मात्र हात धुण्याच्या बेसिनपाशीच जाऊन थांबला. जाळीखालच्या पाइपात तोच वाण मुक्कामाला होता. तपास करणाऱ्यांनी निचऱ्याच्या तोंडाशी चमकणारा रंग लावला, नळ सोडला आणि कुठे काय उडालं ते पाहिलं. शिंतोडे बेसिनपासून निदान एक मीटरपर्यंत गेले होते. अतिदक्षता विभागातल्या खोलीत एक मीटर म्हणजे थोडं अंतर नव्हे. इंजेक्शनं भरायचा ओटा आणि निर्जंतुक म्हणून मांडून ठेवलेलं सामान तेवढ्यात येतं, खाटही फार लांब राहत नाही.

बेसिन उथळ होतं. नळ उंच आणि वळलेला, आपल्याकडे ज्याला स्वान नेक म्हणतात तसा. धार जोरात यायची आणि थेट निचऱ्याच्या भोकावर पडायची. जंतुनाशकं ओतून झाली, पण जिवाणू परत येत राहिला. साथ थांबली ती बेसिनची रचना बदलल्यावर. धारेचा जोर कमी केला, ती भोकावर पडणार नाही असं पाहिलं, शेजारच्या ओट्याला आडोसा घातला, सामान लांब हलवलं. २००९ मध्ये या साथीवरचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच दोष खोलीच्या सदोष आखणीवर ठेवलेला आहे. वैद्यकाच्या नियतकालिकात असं शीर्षक क्वचित पाहायला मिळतं.

बेसिनखाली हात घातला की पाइपाला एक वळण लागतं. तो पी ट्रॅप. जागा कमी असेल तर प्लंबर बॉटल ट्रॅप बसवतो. न्हाणीघराच्या जमिनीत न्हाणी ट्रॅप असतो, इमारतीबाहेर गली ट्रॅप. सगळ्यांचं काम एकच. वळणात साधारण पाच सेंटिमीटर खोलीचं पाणी कायम साचून राहतं आणि त्या पाण्याच्या बुचामुळे गटारातला वास, वायू आणि किडे घरात शिरत नाहीत. अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात हे वळण होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात रोग दुर्गंधीतून होतात अशी पक्की समजूत होती, त्यामुळे वास अडवणाऱ्या या वळणाकडे आरोग्याचा रखवालदार म्हणून पाहिलं गेलं. जंतूंचा शोध लागल्यावर समजूत गेली, वळण राहिलं. ते राहिलं हे बरंच झालं, त्याचं कारण पुढे येईल.

पण या साचलेल्या पाण्याचा दुसरा गुण कमिंगच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. बेसिन वापरात असेल तर ते कधी आटत नाही, तिथे उजेड नाही, कोमट पाणी वरचेवर येतं आणि अन्नही. मोरीची जाळी उचलली की खालच्या कडेला जो बुळबुळीत थर बोटाला लागतो, त्याला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात एकमेकांना धरून पाइपाच्या भिंतीवर वसाहत करतात. वरून ओतलेलं ब्लीच काही सेकंदांत पुढे वाहून जातं. वरचा पापुद्रा मरतो, खालचे थर शाबूत राहतात आणि काही दिवसांत वसाहत पुन्हा भरते.

घरच्या मोरीत हे सगळं आहेच, त्याने आपलं सहसा काही बिघडत नाही. अतिदक्षता विभागातल्या बेसिनमध्ये काय काय जातं ते पाहिलं म्हणजे फरक कळतो. उरलेलं डेक्स्ट्रोज सलाईन, नाकातल्या नळीवाटे द्यायचं पातळ अन्न, रुग्णाचं अंग पुसलेलं पाणी, आणि सिरिंजमध्ये किंवा बाटलीच्या तळाशी राहिलेलं प्रतिजैविक. साखर आणि औषध एकाच भोकातून खाली उतरतात. साखरेवर जिवाणू वाढतात. औषधाची मात्रा इतकी पातळ झालेली असते की त्याने सगळे मरत नाहीत, फक्त त्याला न जुमानणारे तेवढे मागे उरतात. आपल्याच हाताने आपण ही निवड चालवलेली असते, रोज, तीन पाळ्यांत.

यापुढची गोष्ट जास्त काळजीची आहे. प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतात. प्लाझ्मिड नावाच्या छोट्या, सुट्या वर्तुळांवर ती असतात आणि ही वर्तुळं एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. दाटीवाटीच्या बायोफिल्ममध्ये ही देवघेव सोपी होते. म्हणजे रुग्णाकडून आलेला क्लेबसिएला नावाचा जिवाणू कालांतराने पाइपातून नाहीसा झाला तरी त्याने आणलेलं जनुक तिथल्या एखाद्या निरुपद्रवी रहिवाशाकडे ठेवीसारखं राहू शकतं.

अमेरिकेत बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं स्वतःचं संशोधन रुग्णालय आहे. पैसा, माणसं, प्रयोगशाळा कशाचीच तिथे वानवा नाही. २०११ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून एक रुग्ण तिथे आला. त्याच्या अंगात केपीसी हे विकर बनवणारा क्लेबसिएला होता. मेरोपेनेम, इमिपेनेम अशी कार्बापेनेम गटाची औषधं आपण शेवटच्या फळीसाठी राखून ठेवतो, हे विकर नेमकी तीच निकामी करतं. रुग्णालयाला याची कल्पना होती. रुग्णाला वेगळं ठेवलं, हातमोजे-गाऊनची शिस्त कडक केली, तो बरा होऊन घरी गेलाही. काही आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जिवाणू सापडला आणि मग दर आठवड्याला एकेक. एकूण १८ रुग्णांत तो पोचला. ११ जण दगावले, त्यातल्या सहा जणांचा मृत्यू थेट या संसर्गाने झाल्याचं त्या वेळी मानलं गेलं. प्रत्येक नमुन्याचा संपूर्ण जनुकक्रम वाचून कुणाकडून कुणाकडे संसर्ग गेला असावा याचा माग काढण्यात आला. साथरोगशास्त्रात हा तपास आज मैलाचा दगड मानतात. जिथे जिथे हा जिवाणू मिळाला त्यात बेसिनचे निचरेही होते.

त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे आपल्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप आणि बाहेरची मॅनहोलं तपासली. २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासातलं चित्र थोडं चमत्कारिक आहे. वॉर्डात असे प्रतिरोधी रुग्ण फारच थोडे होते, जमिनीखाली मात्र कार्बापेनेम निकामी करणाऱ्या जनुकांची वर्तुळं घेऊन नाना जातींचे जिवाणू सुखाने नांदत होते. पाइपात आहे म्हणून रुग्णाला होणारच असं नाही, हे यातून दिसतं. मधलं अंतर कोण आणि कसं ओलांडतं, हा खरा प्रश्न.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एमी मॅथर्स यांच्या गटाने या प्रश्नाचा छडा लावायला बेसिनचीच प्रयोगशाळा उभारली. एका ओळीत पाच सारखी बेसिनं, सर्वांचा निचरा एकाच पाइपात. हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारे निरुपद्रवी ई. कोलाय त्यांनी ट्रॅपच्या पाण्यात सोडले, म्हणजे कुठेही दिसले तर ते आपलेच हे ओळखता यावं. नळ सोडला. बाहेर काहीच उडालं नाही. प्रयोग इथेच थांबला असता तर बेसिन निर्दोष ठरलं असतं.

मग त्यांनी रोज थोडं पोषक द्रव्य बेसिनमध्ये ओतायला सुरुवात केली, रुग्णालयात ओततात तसं. हिरवा थर पाइपाच्या भिंतीवरून वर चढू लागला. वेग दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर. आठवडाभरात तो जाळीपाशी पोचला. आता नळ सोडला की धार जाळीवर आदळायची आणि हिरवे थेंब बेसिनच्या कडेपलीकडे, काही तर पाऊण मीटरपर्यंत उडायचे. शेजारच्या बेसिनांच्या ट्रॅपमध्येही हे जिवाणू समाईक पाइपातून जाऊन बसले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार आवडतो. रुग्णालयातल्या कुणाही माणसाला न दुखावता, कुणावर ठपका न ठेवता तो सांगतो की जिवाणूला वर यायला दोन गोष्टी लागतात: खाली ओतलेलं अन्न आणि वरून पडणारी धार. दोन्हींवर आपला ताबा आहे.

इतकी बेसिनं रुग्णाच्या उशाशी आली कशी, याचं उत्तर आपल्या सद्हेतूत आहे. जुन्या पद्धतीच्या लांबलचक वॉर्डात, ज्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव चिकटलं, संडास आणि धुण्याची जागा वॉर्डाच्या टोकाला वेगळ्या बुरुजात असायची आणि मध्ये हवेशीर बोळ. कारण अर्थात दुर्गंधीचंच होतं, पण परिणाम चांगला होता: ओलं काम खाटेपासून लांब. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हात धुण्याचं महत्त्व पटलं. हात धुणं सोपं व्हावं म्हणून बेसिनं खाटेजवळ आणली गेली, अतिदक्षता विभागाच्या प्रत्येक खोलीत एक. ज्या काळात साबण-पाण्याला पर्याय नव्हता त्या काळात हे योग्यच होतं. पुढे अल्कोहोलयुक्त हँडरब आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी रुग्णसेवेतल्या बहुतेक प्रसंगी त्यालाच पहिली पसंती दिली. बेसिनची गरज कमी झाली, नकाशे मात्र तेच राहिले.

नळाचंही तसंच. स्पर्श नको म्हणून संवेदक लावलेले, हात पुढे केला की आपोआप वाहणारे नळ आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने असे नळ आणि साधे हाताने फिरवायचे नळ शेजारीशेजारी तपासले. संवेदकाच्या नळांतल्या पाण्याच्या निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला हा जिवाणू सापडला, साध्या नळांत १५ टक्क्यांत. आतल्या झडपा आणि वळणं जितकी जास्त, तितकी जिवाणूंना धरून बसायला जागा जास्त. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ च्या अखेरीपासून २०१२ च्या जानेवारीपर्यंत स्यूडोमोनासच्या संसर्गाने चार नवजात बाळं गेली, त्यातली तीन बेलफास्टच्या एकाच अर्भक-कक्षातली. चौकशीत नळाच्या तोंडाशी असलेल्या, धार सरळ करणाऱ्या जाळीदार तुकड्यांकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर तिथल्या अर्भक-कक्षांत बाळांना पुसायला निर्जंतुक पाणी वापरायचा नियम झाला आणि ब्रिटनच्या रुग्णालय-पाण्याच्या नियमावलीला २०१३ मध्ये स्यूडोमोनासवर वेगळी पुरवणी जोडली गेली. नळाची तोटी जितकी साधी तितकी बरी, असा याचा सरळ अर्थ. आपल्याकडच्या चकचकीत कॉर्पोरेट रुग्णालयांना हे पचायला जड जाईल.

उपायांची सुरुवात लोक बहुतेकदा चुकीच्या टोकाने करतात. पाइप बदला! मँचेस्टरमध्ये केपीसीवाल्या ई. कोलायच्या मोठ्या साथीत हृदयरोगाच्या वॉर्डातली नळजोडणी मुख्य उभ्या पाइपापर्यंत उखडून नवी बसवली. वॉर्ड पुन्हा सुरू झाला आणि काही काळाने प्रतिरोधी जिवाणू परत हजर झाले. ते साहजिकच होतं. वापर तोच, ओतणं तेच, रुग्ण तेच. नव्या पाइपाला जुनं बिऱ्हाड भरायला फार दिवस लागत नाहीत. स्वीडनमध्ये तीव्र ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरातलंच पण कितीतरी पट कडक, दर आठवड्याला ओतून स्यूडोमोनासची एक साथ आटोक्यात ठेवता आली. जर्मनीत ट्रॅपलाच विजेची शेगडी जोडून आतलं पाणी तापवणारी यंत्रं काही दशकांपूर्वीपासून आहेत. व्हर्जिनियात मॅथर्स यांच्या रुग्णालयानेही ती बसवली, त्याबरोबर मलमूत्र ओतायच्या हॉपरना झाकणं केली, आणि केपीसीचा प्रसार घटला. खर्च आणि देखभाल पाहता ही यंत्रं सगळ्यांनाच परवडतील असं नाही.

सर्वांत टोकाचा उपाय नेदरलँड्समधल्या नेमेखन शहरातल्या राडबाउड विद्यापीठ रुग्णालयाने केला. २०१४ मध्ये त्यांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या सगळ्या खोल्यांतून बेसिनं काढून टाकली. हातांसाठी हँडरब, अंग पुसायला तयार ओले रुमाल, औषधं विरघळवायला बाटलीबंद पाणी. नळाचं पाणी रुग्णाजवळ येणारच नाही अशी सारी व्यवस्था बसवली. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू, म्हणजे स्यूडोमोनास आणि क्लेबसिएला ज्यात मोडतात तो गट, अंगी लागण्याचं प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे २६.३ वरून २१.६ वर आलं. हा फरक फार मोठा वाटणार नाही. पण मुक्काम जितका लांब तितका फायदा वाढत गेला, आणि चौदा दिवस किंवा त्याहून जास्त राहिलेल्या रुग्णांत हे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक घटलं. अतिदक्षता विभागात दोन आठवडे काढणारा रुग्ण आधीच किती खचलेला असतो हे ज्याने पाहिलं आहे त्याला या आकड्याची किंमत कळेल.

आता आपल्याकडे. या विषयात आपण प्रेक्षक मुळीच नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये तीन महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक निघालं. मार्च २०१० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यानंतर काही महिन्यांनी या जनुकाच्या नावात नवी दिल्ली असण्यावरून देशभर गदारोळ झाला, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट वगैरे. या आरडाओरड्यात मुंबईच्या डॉक्टरांचं शांतपणे केलेलं काम झाकलं गेलं. २०११ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या आणि पाझरलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत हे जनुक सापडल्याचं प्रसिद्ध झालं. भांडण नावावरून झालं. पाण्यावरून व्हायला हवं होतं.

आपल्या पाणीपुरवठ्याची तऱ्हा या प्रश्नाला वेगळंच वळण देते. बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येतं. मधल्या वेळात पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून आजूबाजूचं पाझरलेलं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. ते खालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत, तिथून वॉर्डात. नेदरलँड्सच्या नळाला येतं तसं पाणी गृहीत धरून लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. टाकीचं झाकण, टाकीतला गाळ आणि शेवटच्या नळाशी उरलेलं क्लोरीन, या तीन गोष्टी आधी.

शिवाय सगळीच बेसिनं उपटून टाका, असं मी तरी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या निम्म्या आरोग्यकेंद्रांत हात स्वच्छ करण्याची प्राथमिक सोय धड नव्हती. बाळंतपणाच्या खोलीत रक्ता-घाणीने भरलेले हात हँडरबने स्वच्छ होत नाहीत, तिथे वाहतं पाणी, साबण आणि कोपराने उघडायचा नळ लागतोच. अतिसार घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलच्या बीजाणूंवरही अल्कोहोल चालत नाही. ग्रामीण रुग्णालयाची अडचण पाणी नसण्याची आहे, शहरी अतिदक्षता विभागाची अडचण पाणी नको तिथे असण्याची. एकच परिपत्रक दोघांना पाठवून भागणार नाही.

पुण्या-मुंबईच्या उपनगरांत आणि तालुक्याच्या गावांत बरीच नर्सिंग होम राहत्या इमारतीच्या मजल्यांवर चालतात. हॉलचा अतिदक्षता विभाग होतो आणि बेसिनची जागा फ्लॅटच्या मूळ डक्टने ठरवलेली असते. जिथे पाइप आहे तिथे बेसिन, आणि जिथे भिंत मोकळी तिथे खाट. कधी दोहोंत हातभर अंतर. इथे तज्ज्ञ समितीची गरज नाही. खाट हलवता येत नसेल तर मध्ये कोपरापर्यंत उंच असा ॲक्रिलिकचा किंवा काचेचा आडोसा उभा करता येतो. उंच नळाच्या जागी भोकापासून बाजूला धार टाकणारा नळ बसवणं हे प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. शेजारच्या ओट्यावरून इंजेक्शनचा ट्रे हलवायला तर तेवढंही लागत नाही.

ओतण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तो माणसांचा वाटतो आणि असतो बांधकामाचा. वॉर्डातल्या मावशी फडक्याचं पाणी हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओततात म्हणून त्यांना बोल लावला जातो. फडकं पिळायला आणि बादली रिकामी करायला मजल्यावर दुसरी जागाच केलेली नसेल तर त्यांनी ते न्यायचं कुठे? सिस्टरचंही तेच. उरलेलं सलाईन टाकायला स्लूस रूम, म्हणजे घाण पाणी ओतायची खोली, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि रात्रपाळीला एका सिस्टरकडे बारा रुग्ण असतील, तर ते जवळच्या बेसिनमध्येच जाणार. हात धुण्याचं बेसिन आणि ओतायचं बेसिन वेगळं, आणि ओतायचं बेसिन पावलांच्या हिशेबात जवळ, ही नकाशावरची बाब आहे. भिंतीवरच्या सूचनाफलकाने ती भरून निघत नाही.

संडासाचंही तसंच. प्रतिरोधी जिवाणूंचं मूळ घर बहुतेकदा माणसाचं आतडं असतं, त्यामुळे बेडपॅन हा या साखळीतला फार मोठा दुवा. बेडपॅन झाकून, यंत्रात घालून ८० अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट तापवणं हे मान्य प्रमाण आहे. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी नळाखाली धरून ब्रशने घासतात आणि घासणाऱ्याच्या गाऊनवर, भिंतीवर, शेजारच्या धुतलेल्या बेडपॅनवर शिंतोडे उडतात. पन्नास खाटांच्या रुग्णालयाने संगमरवरी स्वागतकक्षाऐवजी एक बेडपॅन धुण्याचं यंत्र घेतलं तर पैसा जास्त सत्कारणी लागेल असं मला वाटतं, पण स्वागतकक्ष नातेवाइकांना दिसतो आणि स्लूस रूम दिसत नाही.

कमिंगच्या वळणाचं राहिलं होतं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सचे ३२१ रुग्ण झाले, सर्वाधिक एकाच इमारतीत. अतिसार झालेला एक रुग्ण तिथे पाहुणा म्हणून येऊन गेला होता. लोक न्हाणीघराची जमीन पाण्याने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसत, त्यामुळे जमिनीतल्या ट्रॅपमधलं पाणी आटून गेलं होतं. बुचाचं पाणीच नाही, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा थेंबांसकट न्हाणीघरात ओढली जायची. म्हणजे भरलेला ट्रॅप जिवाणू पोसतो आणि कोरडा ट्रॅप दार उघडं टाकतो. बंद पडलेले वॉर्ड, डागडुजीसाठी रिकाम्या ठेवलेल्या खोल्या, कोविडच्या काळात घाईने बसवून नंतर कुणी न वापरलेली बेसिनं, या सगळ्यांची यादी करून दर आठवड्याला तिथे पाणी सोडायला हवं. आणि जे बेसिन पुन्हा लागणारच नाही ते काढताना पाइप मुख्य पाइपापाशीच बंद करायला हवा. नुसतं टोपण लावून मागे तुकडा सोडला तर त्यात साचलेलं पाणी वर्षानुवर्षं तसंच राहतं.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी रुग्णालयाचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्यावर प्रक्रिया बंधनकारक केली आहे. नदी-नाल्यांसाठी ते चांगलंच, पण प्रक्रिया संयंत्र इमारतीच्या शेवटी असतं. खाटेपासून तिथपर्यंतच्या पाइपात जे नांदतं ते रुग्णाच्या बाजूचंच. केंद्राच्या २०१५ पासूनच्या कायाकल्प योजनेत सरकारी रुग्णालयांना स्वच्छतेवर गुण आणि बक्षिसं मिळतात, रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत संसर्ग-नियंत्रणाचं अख्खं प्रकरण आहे. पण तपासणीचं पथक येतं तेव्हा इमारत उभी झालेली असते. संसर्ग-नियंत्रणाचं काम पाहणारी सिस्टर नळजोडणीच्या नकाशावर सही होण्याआधी त्या टेबलाशी बसली, असं आपल्याकडे किती ठिकाणी होतं? तिला नकाशा वाचता येणार नाही असं आर्किटेक्टला वाटतं, आणि ट्रॅपचा रुग्णाशी संबंध काय असं कंत्राटदाराला. दोघांनाही पाच मिनिटांत समजावता येईल इतकी ही बाब साधी आहे.

२०२४ मध्ये लॅन्सेटच्या लेखमालेत एक अंदाज मांडला गेला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत संसर्ग-प्रतिबंध, स्वच्छ पाणी-संडास आणि लसीकरण यांतून प्रतिरोधी जिवाणूंशी निगडित साडेसात लाख मृत्यू दरवर्षी टाळता येतील, त्यातले सुमारे ३ लाख ३७ हजार निव्वळ आरोग्यकेंद्रांतल्या संसर्ग-प्रतिबंधाने. एकही नवं औषध न शोधता. सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत बेसिनची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. नळाची धार निचऱ्याच्या भोकावर पडू नये, बेसिन खाटेपासून आणि औषधाच्या ओट्यापासून निदान एक मीटर लांब असावं, आणि ओतण्यासाठी प्रत्येक मजल्यावर वेगळी सोय असावी, अशा तीन ओळी पुढच्या रुग्णालयाच्या निविदेत घालायला कार्यकारी अभियंत्याला कुणाची मंजुरी लागेल, ते आता विचारून घ्यायला हवं.